आवडता बँड समोर वाजतो तेव्हा अंगावर काटा कशाने येतो, गाण्याने की गर्दीने?

कॅसेटवाला

परवा एका मित्राने ऐकवलं, "घरी चांगले स्पीकर असताना मैदानात धूळ खायला कशाला जायचं?" माझं मत नेमकं उलट आहे, आणि ते मांडायला आयर्न मेडन या ब्रिटिश हेवी मेटल बँडएवढं चांगलं उदाहरण मला सापडत नाही.

१ फेब्रुवारी २००८, वांद्रे-कुर्ला संकुल. मेडनच्या त्या वर्षीच्या जागतिक दौऱ्यातला पहिलाच कार्यक्रम मुंबईत होता. गायक ब्रूस डिकिन्सन स्वतः वैमानिक. त्या दौऱ्यात बँड आणि सगळं सामान वाहणारं बोइंग ७५७ तोच उडवायचा. (विमानाचा इथे संबंध नाही, पण सांगितल्याशिवाय राहवत नाही.)

'फिअर ऑफ द डार्क' हे त्यांचं १९९२चं गाणं. त्यात गिटारवर एक धून आहे, तिला शब्दच नाहीत. कॅसेटवर ती नुसती गिटारवर ऐकू येते. मैदानात मात्र सगळे ती धून गातात, गिटार झाकून टाकतील एवढ्या जोरात. आमच्या वेळी मराठी घरात मेटल ऐकणारा पोरगा म्हणजे एकांडा शिलेदार. काळा घोड्याच्या रिदम हाऊसमधून कॅसेट आणायची, हेडफोन लावून ऐकायची, आणि "हे काय गाणं म्हणायचं?" याला उत्तर द्यायचं नाही. त्या रात्री कळलं की डोंबिवलीत, नाशकात, पुण्यात कितीतरी जण हीच धून एकेकटे गुणगुणत होते. रडलो मी. माझ्या मते ते गाणं स्टुडिओत अर्धंच रेकॉर्ड झालंय. उरलेलं अर्धं आमच्याकडे होतं.

षड्ज

लिहिलंय छान, पण स्वतःचाच मुद्दा खोडलात की! रडू आलं ते एकटेपणा संपला म्हणून. ते वारीतही येतं, वर्ल्डकप जिंकल्यावर वानखेडेवरही आलं. यात बँडचं श्रेय किती?

बीटल्सचं बघा. १५ ऑगस्ट १९६५ला न्यूयॉर्कच्या शे स्टेडियममध्ये ५५ हजारांवर लोक होते, आणि किंकाळ्या एवढ्या की वाजवणाऱ्यांना स्वतःचं वाजवणं ऐकू येईना. पुढच्याच वर्षी ऑगस्टमध्ये त्यांनी दौरे कायमचे बंद केले आणि स्टुडिओत बसले. 'सार्जंट पेपर' हा त्यांचा गाजलेला अल्बम त्यानंतरचा, १९६७चा. म्हणजे गर्दी सुटली तेव्हा संगीत बहरलं. शे स्टेडियममधली पोरीबाळी खरंच रडत होत्या, पण त्यांनी ऐकलं काय?

आणि मैफलीशी तर तुलनाच नको. तिथे गवई समोरच्या दादेवर राग वेगळ्या वाटेने नेतो. तुमचा बँड मुंबईत जे वाजवतो तेच पुढच्या मुक्कामी, त्याच क्रमाने.

साउंडचेक

मी लाइव्ह साउंडचं काम करतो. दोघांनाही नाराज करतो.

स्टेजपासून १०० मीटरवर आवाज साधारण ०.३ सेकंद उशिरा पोचतो. म्हणून मधल्या टॉवरवरच्या स्पीकरना आम्ही मुद्दाम तेवढा उशीर लावतो. पण गाणाऱ्या पब्लिकला उशीर कोण लावणार? कॅसेटवाल्यांची ती एकसुरातली धून मैदानाच्या दोन टोकांना तालात कधीच नसते. उरला अंगावरचा काटा. त्यातला बराचसा आमच्या १८ इंची सबवूफरचा, म्हणजे फक्त खर्ज काढणाऱ्या मोठ्या स्पीकरचा. खर्ज छातीवर आदळतो, त्याला लोक भावना म्हणतात. घरी तो मिळत नाही, कारण शेजारी पोलीस बोलावतील.

नेरूळ_पूर्व

मला तर हल्ली हे सगळं ठरवून घडवलेलं वाटतं. जानेवारी २०२५ला कोल्डप्ले हा ब्रिटिश बँड डी. वाय. पाटील स्टेडियमवर आला, आमच्या दारातच म्हणा ना. प्रत्येकाच्या मनगटावर पट्टा, आणि तो कधी कुठल्या रंगात पेटणार ते कंट्रोल कुणा तिसऱ्याच्या हातात. तिकिटं २,५०० पासून ३५,००० रुपयांपर्यंत. एवढे पैसे मोजल्यावर माणूस भारावणार नाही तर काय करेल? २६ तारखेचा अहमदाबादचा कार्यक्रम मी घरी स्ट्रीमिंगवर पाहिला. सोफा, चहा, गायकाचा चेहरा स्पष्ट. काही चुकल्यासारखं वाटलं नाही.

कॅसेटवाला

@साउंडचेक, तालात नव्हतं हे मान्य. देवळातली आरती तरी कुठे तालात असते? कुणी तिथे ताल मोजायचं यंत्र, मेट्रोनोम, घेऊन जात नाही.

@नेरूळ_पूर्व, पट्ट्याबद्दल तुमच्याशी सहमत. पण त्याच कोल्डप्लेचा गायक एका गाण्याला थांबतो आणि सगळ्यांना फोन खिशात ठेवायला सांगतो. पट्टे पुरत नाहीत हे त्यालाही कळतं. मेडनच्या मॅनेजरनेही २०२५च्या दौऱ्याआधी फोन आवरा अशी विनंती केली होती.

@षड्ज, वानखेडेवर आनंद निकालाचा असतो, तो आधी कुणालाच माहीत नसतो. इथे मला पुढचा प्रत्येक सूर पाठ होता, तरी गळा दाटला. त्याच क्रमाने वाजवतात म्हणूनच तर आम्हाला गाता येतं.

षड्ज

मग घरीच गा! २००१च्या रिओच्या कार्यक्रमाचं तुमच्या मेडनचं लाइव्ह रेकॉर्डिंग मिळतं. त्यात ती धून अख्खं मैदान गातंय. तुमचं 'उरलेलं अर्धं' डिस्कवर आहे, वाट्टेल तेव्हा लावा.

कॅसेटवाला

ते ब्राझीलवाल्यांचं अर्धं आहे. त्यात मी नाही.

षड्ज

म्हणजे शेवटी मुद्दा 'मी' हाच! बरं, एक सांगा. ड्रमर निको मॅकब्रेन डिसेंबर २०२४मध्ये दौऱ्यांतून निवृत्त झाला. आता दुसरा वाजवतो. परत गेलात तर तेवढेच रडाल? हो म्हणालात तर रडवतं ते बँड नव्हे, हे सिद्ध. नाही म्हणालात तर तुम्ही २००८वर जगताय.

साउंडचेक

हा प्रश्न आवडला. पॉपकॉर्न घेऊन बसलोय.

कॅसेटवाला

हो, रडेन. निकोसुद्धा दुसऱ्याच्या जागी आला होता, १९८२च्या शेवटी. डिकिन्सनही मूळचा गायक नव्हे. माणसं बदलत आली आणि धून टिकली, हे बँडचंच श्रेय. आणि माझ्याकडून एक पैज. मेडन परत आले की तुमचं तिकीट मी काढतो. 'फिअर ऑफ द डार्क' होईपर्यंत तोंड मिटून उभं राहून दाखवायचं. जमलं तर विमान सोडून बाकी सगळं मी मागे घेतो.

षड्ज

तिकीट पुढच्या रांगेचं काढा. आणि येताना कानात घालायचे बोळे आणा.