प्रति: उकळत्या पाण्याचं भांडं ४० अंश का दाखवतंय?

एमएलएक्स९०६१४ (स्पर्श न करता, उष्णतेच्या अदृश्य म्हणजे अवरक्त किरणांवरून तापमान मोजणारा सेन्सर) खराब निघाला असेल, कोडमध्ये सरळ ५५-६० अंश मिळवून टाका, हा वरचा सल्ला मला पटत नाही. मीही आधी तेच केलं होतं. भांड्याचा आकडा जमला, पण मग साधी भिंत तापलेल्या तव्यासारखी दिसायला लागली! दोष बहुधा चकचकीत स्टीलचा आहे. तसला पृष्ठभाग स्वतः फार कमी अवरक्त किरण सोडतो आणि खोलीचेच किरण परावर्तित करतो. एमएलएक्स९०६१४ मात्र मुळात उत्सर्जकता (पृष्ठभाग स्वतःचे उष्णतेचे किरण किती चांगले सोडतो याचं ० ते १ मधलं माप) १ धरून हिशोब करतो. भांड्यावर काळ्या इन्सुलेशन टेपचा तुकडा चिकटवा (त्याची उत्सर्जकता साधारण ०.९५), मिनिटभर थांबा आणि फक्त टेपवर नेम धरून मोजा.

नेमावरून आठवलं, सेन्सरला किती रुंद भाग दिसतो त्या कोनाबद्दल इथे कुणीच लिहिलेलं नाही. या सेन्सरच्या साध्या प्रकाराचा कोन ९० अंशांचा असतो, म्हणजे १० सेंमीवरून तो जवळपास २० सेंमी व्यासाचं वर्तुळ बघतो. टेप दोन सेंमीची असेल तर सेन्सर सेंटिमीटरच्या आत न्यावा लागेल, पण वाफ सेन्सरच्या खिडकीवर बसू देऊ नका. लांबूनच मोजायचं असेल तर अरुंद कोनाचा प्रकार घ्या. आणि हो, सेन्सरचं धातूचं टोपण बोटात धरू नका, तापणाऱ्या व्होल्टेज रेग्युलेटरलाही (सर्किटमधलं व्होल्टेज स्थिर ठेवणारा भाग) चिकटवू नका. टोपण एका बाजूने तापलं की आकडे भरकटतात. माझी एक अख्खी संध्याकाळ त्यात गेली.