फमागुस्ता टँकच्या मॉडेलला गंज जास्त झाला का? आणि वर सगळं पांढरं झालंय, मदत करा

डोंबिवलीचा_स्प्रू:
नमस्कार मंडळी. टँकचं मॉडेल पहिल्यांदाच करतोय, याआधी फक्त विमानं केली. १/३५ चा (खऱ्याच्या पस्तिसाव्या भागाचा) सेंच्युरियन टँक, टामियाचं जुनं मार्क ३ चं किट मित्राच्या माळ्यावर पडलं होतं ते घेतलं. करायचा होता तो सेकंड लेफ्टनंट अरुण खेत्रपालांचा टँक, नाव फमागुस्ता, पूना हॉर्स रेजिमेंट, पाकिस्तानशी युद्धातली बसंतरची लढाई, १६ डिसेंबर १९७१. ऑलिव्ह ग्रीन छान बसला, खुणा आणि नाव हाताने काढलं, इथपर्यंत सगळं झकास. मग व्हिडिओ बघून बघून वेदरिंगला (मॉडेल मळलेलं, वापरलेलं दाखवायला) बसलो आणि हात थांबेचना. स्पंजने चिपिंग (रंगाचे टवके), तांबूस बर्न्ट सिएना रंगाचे गंजाचे ओघळ टरेटवर (तोफेच्या फिरत्या बुरुजावर), साइड स्कर्टवर (बाजूच्या पत्र्यांवर), टूलबॉक्सवर, आणि ट्रॅक (चाकांवरचे पट्टे) तर पूर्ण भगवे. बायको म्हणाली भंगारवाल्याकडून आणलास का. त्यावर परवा बाल्कनीत मॅट वार्निशचा कॅन मारला, बाहेर धो धो पाऊस, दहा मिनिटांत अख्खा टँक ताकात बुडवून काढल्यासारखा पांढरट. तीन महिन्यांचं काम आहे हो. फेकायचा का काही होऊ शकतं?

पावसाळी_एअरब्रश:
फेकू नको रे बाबा. रत्नागिरीत राहतो, माझं हे दर जुलैमध्ये व्हायचं. वार्निशमधलं थिनर भराभर उडतं, उडताना पृष्ठभाग गार पडतो आणि हवेतलं पाणी त्या ओल्या थरावर धरतं. थर सुकला की त्यात बारीक बारीक खड्डे राहतात, त्यावर उजेड पसरतो म्हणून पांढरं दिसतं. खालचा रंग बहुतेक ठीक असणार. दोन दिवस हात लावू नको, मग त्याच जातीच्या ग्लॉस वार्निशचा पातळ हात मार, खड्डे भरतात आणि रंग परत वर येतो. आधी पोटाखाली, जिथे कोणी बघत नाही तिथे मारून बघ. कॅन कोमट पाण्यात (कोमट!! उकळत्या नाही) पाच मिनिटं ठेव, मॉडेल तासभर एसीच्या खोलीत ठेव, मग खिडकीशी मास्क लावून मार. आणि इथून पुढे जून ते सप्टेंबर पाण्याचं ॲक्रिलिक मॅट, ब्रशने. कॅन कपाटात कुलूप लावून.

नगरी_ट्रॅक:
पांढऱ्याचं उत्तर वर मिळालंय, मी गंजावर बोलतो. आधी एक सांग, कुठल्या क्षणाचा फमागुस्ता करतोयस? १६ तारखेच्या सकाळचा की लढाईत टँकला आग लागल्यानंतरचा? हे ठरल्याशिवाय ब्रश उचलूच नये. युद्ध सुरू झालं ३ डिसेंबरला, म्हणजे सकाळचा धरलास तर हा तेरा दिवसांचा मळ आहे. त्याआधी रेजिमेंटने घासूनपुसून ठेवलेला टँक. तेरा दिवसांत टरेटवर गंजाचे ओघळ कुठून येतील? धूळ येईल, चिखल येईल, नळीच्या तोंडाशी काजळी येईल. जळल्यानंतरचा करायचा तर तो वेगळाच प्रकार, तिथे रंग जळून जातो आणि उघडं पोलाद बघता बघता तांबूस होतं, पण मग अख्खा टँक भगवा करून चालत नाही, आग लागली तिथेच.

दुसरं मातीचं. आपण सगळे सवयीने कोकणातली तांबडी मारतो नाहीतर देशावरची काळी. बसंतर जिथे आहे त्या शकरगढची माती यातली एकही नाही. पंजाबातली गाळाची माती, भुरकट करडी, सुकली की फिकट पिठासारखी. पंधरा-सोळाच्या रात्री सुरुंगांमधली वाट पूर्ण साफ व्हायच्या आत टँक पलीकडे गेले, बसंतर नदी ओलांडून, म्हणून मी तरी खाली ओला गडद चिखल आणि वर सुकी फिकट धूळ असं करीन. सॉफ्ट पेस्टल सँडपेपरवर घास, झाला पिगमेंट (धुळीसारखी रंगपूड). अंगणातली माती चाळून लावू नकोस, १ मिमीचा खडा म्हणजे खऱ्यात साडेतीन सेंटिमीटरचा दगड.

आणि हो, नगरचं टँक म्युझियम बघायला ये, जरूर ये, रणगाडे अंगाला हात लावून बघण्यासारखे आहेत. पण आकार आणि बारकाव्यांसाठी बघ, मळासाठी नाही, म्युझियमचे टँक वर्षानुवर्षं रंगवलेले असतात, त्यांचा रंग बघून वेदरिंग करणं म्हणजे लग्नातला फोटो बघून माणूस रोज कसा दिसतो ते सांगणं.

चिपिंग_सम्राट:
थोडा विरोध नोंदवतो. ३५ पट लहान वस्तूवर खरा मळ दिसतच नाही, थोडं वाढवूनच दाखवावं लागतं, नाहीतर शोकेसमध्ये हिरवा साबण ठेवल्यासारखं दिसतं. स्पॅनिश मॉडेलवाले करतात ते बरंचसं चित्रकलाच आहे आणि मला ते आवडतं. पण ट्रॅक भगवे नकोत, हे मान्य.

निवृत्त_ईएमई:
मुलांनो, मी लष्कराच्या वर्कशॉपवाला, सेंच्युरियनवर कमी आणि विजयंता टँकवर आयुष्य गेलं, तरी चार गोष्टी सांगतो. ट्रॅकवर रात्रीच्या दवाने हलका तांबूस रंग येतो हे खरं, सकाळी गाडी शंभर मीटर चालली की जमिनीला लागणारा भाग चकचकीत होतो. तिथे पेन्सिलीचं शिसं बोटाने घासा, बास. गंज खरा कुठे तर एक्झॉस्टवर, तिथला रंग उष्णतेने टिकतच नाही. रंग घासतो तो जिथे क्रूचे बूट लागतात तिथे, ड्रायव्हरच्या हॅचच्या कडेला, वर चढायच्या जागी, आणि तिथे गंज दिसत नाही, रोजच्या पायाने घासून तुळतुळीत होतं. चाकांच्या मधोमध ग्रीसचा काळा डाग आणि त्याला चिकटलेली धूळ, हे एक केलं तरी टँक जिवंत वाटतो. इंधनाचे काळे ओघळ मात्र बेताने. सेंच्युरियनचं मेटिऑर इंजिन पेट्रोलवर चालायचं, पेट्रोल सांडलं तर उडून जातं, धूळ धुतल्याचा पुसट पट्टा उरतो. ऑइलचे ओघळ बघायचे तर आमच्या विजयंताचं लेलँड इंजिन, ते एवढं गळायचं की बाहेरून वेदरिंग करायची गरजच नव्हती 😄

डोंबिवलीचा_स्प्रू:
काका, ही चाकाची गोष्ट एकाही व्हिडिओत नव्हती! सकाळचाच फमागुस्ता करायचं ठरलं. पण गंज आता वार्निशखाली गेलाय, टर्पेंटाइनने निघणार नाही ना?

नगरी_ट्रॅक:
निघणार नाही आणि प्रयत्नही करू नकोस, टर्पेंटाइन सांध्यांत झिरपलं की ताणातलं प्लास्टिक तडकतं, माझी दोन ॲक्सल गेलीत. मूळ हिरव्यात थोडा बफ (फिकट पिवळट) रंग घाल, दुधासारखा पातळ कर आणि लांबून फवार. तीन-चार फवाऱ्यांत ओघळ मागे जातील, पूर्ण नाही गेले तरी वरून धूळ येणारच आहे.

डोंबिवलीचा_स्प्रू:
रिपोर्ट देतो. रविवारी ऊन पडलं, ग्लॉस मारला, पांढरं गेलं, फक्त डाव्या मडगार्डच्या कोपऱ्यात थोडं राहिलंय तिथे चिखल लावला, कोणाला सांगू नका. टरेट परत हिरवा झाला. ट्रॅक काळपट करून शिसं घासलं आणि खरंच, तेवढ्यानेच वजन आलं त्याला. चाकांना ग्रीस केलं. बायको म्हणाली आता चालू गाडी वाटते. शेवटचं एक, अँटेनाला झाडूची काडी चालेल का?

पावसाळी_एअरब्रश:
नको, पावसात वाकते. मेणबत्तीवर स्प्रू (किटचे भाग जोडलेली प्लास्टिकची काडी) धरून ताण. ज्योतीत नाही, ज्योतीच्या वर.