मदत हवी आहे: माझ्या लिहिण्याने माणसं येतात, पण ज्यांच्यासाठी लिहिते ती नाहीत

मंडळी, मी नवशिक्यांना ऑनलाइन एक्सेल शिकवते. सगळं एकटीच सांभाळते. वर्षभर ‘पाच सोप्या युक्त्या’ छापाच्या पोस्ट टाकल्या. लाइक भरपूर, कोर्सकडे कोणी फिरकेना.

तीन महिन्यांपूर्वी बोलते तसंच लिहायला लागले. मी सावकाश शिकवते, शॉर्टकटपेक्षा ‘हे सूत्र असं का चालतं’ यात रमते आणि चुकलेली शीट तशीच दाखवते. व्हीलूकअप (यादीतून हवी ती नोंद शोधून आणणारं सूत्र) लिहिताना शेवटी फॉल्स (म्हणजे ‘तंतोतंत जुळणारंच आण’) लिहायचं राहिलं, तर शेजारच्याच मालाची किंमत कशी मुकाट्याने येऊन बसते, हे दाखवणाऱ्या ईमेलला ४० उत्तरं आली. इतकी कधीच आली नव्हती, फार आनंद झाला. पण उत्तरं देणारे बहुतेक जण एक्सेलमध्ये मुरलेले. नवशिके गप्पच.

विषयाच्या ओळी बदलून पाहिल्या, मजकूर छोटा केला, फरक नाही. ओपन रेटवर (किती जणांनी ईमेल उघडलं, त्या प्रमाणावर) मी विसंबत नाही, २०२१ पासून ॲपल मेलच्या प्रायव्हसी सोयीमुळे न उघडलेलं ईमेलही उघडलेलं मोजलं जातं आणि तो फुगतो. क्लिक आणि उत्तरंच मोजते. जाहिरातींसाठी पैसे नाहीत, रोज व्हिडिओ जमणार नाही आणि उसना उत्साह आणायचा नाही, हे पक्कं.

स्वतःच्या स्वभावावर प्रेक्षक जमवलेल्यांनी कृपया सांगा: आवाज हाच ठेवून फक्त उदाहरणं सोपी करावीत, की आलेल्या जाणकारांसाठीच नवा कोर्स काढावा? आणि ते ठरवण्याआधी गप्प बसलेल्या वाचकांना नेमका कोणता प्रश्न विचारावा?