मदत हवी आहे: प्युपिलेजच्या अर्जात हरलेली इन्क्वायरी लिहू का? ९ दिवस उरलेत

निळी_छत्री
नमस्कार. घाईत लिहितेय. प्युपिलेजचे (बॅरिस्टर होण्याआधीच्या एक वर्षाच्या उमेदवारीचे) अर्ज बंद व्हायला ९ दिवस उरलेत आणि 'प्लॅनिंग आणि पर्यावरण कायदाच का?' या एका प्रश्नावर मी तीन आठवडे अडकलेय. खरं कारण एकच आहे. दोन वर्षांपूर्वी एका इन्क्वायरीत, म्हणजे जाहीर सुनावणीत, एका केसींनी (किंग्ज कौन्सेल, ज्येष्ठ बॅरिस्टर) माझी दीड दिवस उलटतपासणी घेतली. आम्ही अपील हरलो. तेव्हापासून मला ते काम करायचंय. हे लिहिलं तर हरलेली साक्षीदार असा शिक्का बसेल का? की ते गाळून पर्यावरणाच्या ओढीबद्दल लिहू? या क्षेत्रातलं कोणी सीनियर असेल तर लवकर सांगा. गूगल करून झालंय.

वकीलकाका_नागपूर
ताई, आपल्याकडे १९६१ च्या ॲडव्होकेट्स ॲक्टने वकिलांचा एकच वर्ग ठेवला, ॲडव्होकेट. त्यातल्या काहींना कोर्ट कलम १६ खाली सीनियर करतं. बॅरिस्टर म्हणताय म्हणजे परदेशात आहात का? एलएलबी झालंय? साक्षीदार होता म्हणजे फौजदारी प्रकरण होतं का? एवढं सांगितल्याशिवाय काय सल्ला देणार?

निळी_छत्री
इंग्लंडमध्ये आहे. केसी म्हटल्यावर कळेल असं वाटलं होतं. फौजदारी वगैरे काही नाही, प्लॅनिंगचं, म्हणजे बांधकाम परवानगीचं, अपील होतं.

टेम्सकाठ
मी याच कामात आहे, बॅरिस्टर म्हणून चौदावं वर्ष. पण साक्ष कशावर दिलीत? बिल्डरकडून की काउन्सिलकडून (स्थानिक पालिकेकडून)? लॉ डिग्री आहे का?

स्लाउकर
इथे प्लॅनिंगची माणसं दिसतायत म्हणून विचारतो. आमच्या शेजाऱ्याने मागच्या अंगणात परवानगी न घेता खोली बांधली आहे. चार वर्षं झाली की काउन्सिल काही करू शकत नाही असं तो सांगतो. खरं आहे का?

माधुरी_मँचेस्टर
मी सॉलिसिटर (फर्ममधली वकील) आहे, अठरा वर्षं. निळी_छत्री, बॅरिस्टर व्हायच्या नादी लागू नका. प्युपिलेजच्या एकेका जागेसाठी शेकडो अर्ज येतात. एसक्यूई (सॉलिसिटरची पात्रता परीक्षा) द्या, दोन वर्षांचा पात्र अनुभव दाखवा, सॉलिसिटर व्हा. पगार दर महिन्याला येतो, आजारपणाची रजा मिळते. आणि इन्क्वायरीत बाजू मांडायला बॅरिस्टरच लागतो असं मुळीच नाही, आम्हीही उभे राहतो. माझ्या ओळखीतली एक हुशार मुलगी तीन वर्षं अर्ज करत राहिली आणि शेवटी खचली. ते मी जवळून बघितलंय.

टेम्सकाठ
इन्क्वायरीचं बरोबर आहे माधुरीताई. पण तोच निर्णय पुढे हायकोर्टात गेला की तुमच्या फर्मलाही आमच्याकडे यावं लागतं. त्यांना उलटतपासणी करायची आहे, आणि त्यांच्या आधीच्या पोस्टमध्ये पगाराचा प्रश्न नव्हता.

माधुरी_मँचेस्टर
पगाराचा प्रश्न प्रत्येकाला असतो, विचारो न विचारो. हायर राइट्स (वरच्या कोर्टात बाजू मांडायचा हक्क) घेतलेले सॉलिसिटरही हायकोर्टात उभे राहतात.

टेम्सकाठ
प्लॅनिंग कोर्टात (हायकोर्टाच्या त्या विभागात) रोज उभं कोण दिसतं ते तुम्हालाही माहीत आहे.

निळी_छत्री
सगळं एकदम सांगते. वय ३७. पुण्याच्या सीओईपीतून प्लॅनिंग, मग इथे मास्टर्स, त्यानंतर एका काउन्सिलमध्ये ९ वर्षं. चार्टर्ड प्लॅनर आहे. लॉ कन्व्हर्जन (दुसरी पदवी असलेल्यांसाठीचा कायद्याचा कोर्स) पार्ट टाइम, या वर्षी संपेल. व्हिसाचा प्रश्न नाही. साक्ष काउन्सिलकडून होती, घरांसाठी पाच वर्षं पुरेल एवढी जमीन आमच्याकडे आहे की नाही यावर. आमच्या यादीतली प्रत्येक जागा त्यांनी एकेक करून काढली. या जागेवर पाच वर्षांत घरं उभी राहतील याचा स्पष्ट पुरावा कुठे आहे? जमीनमालकाचं शेवटचं पत्र कधीचं? दुसऱ्या दिवशी दुपारपर्यंत चार जागा गेल्या आणि आमचा आकडा पाचाच्या खाली आला. आवाज एकदाही चढला नाही त्यांचा. माझ्या प्रूफमधल्या (लेखी साक्षीतल्या) तळटीपा त्यांना माझ्यापेक्षा जास्त पाठ होत्या. रात्री हॉटेलवर रडले आणि मग बसून त्यांचे प्रश्न आठवतील तसे लिहून काढले. ती वही अजून आहे.

स्लाउकर, तुमचं पण सांगते. इंग्लंडमध्ये २५ एप्रिल २०२४ पासून चारऐवजी दहा वर्षं झाली आहेत. बांधकाम त्या तारखेआधी पूर्ण झालं असेल तर जुनी चार वर्षंच लागू. शिवाय मागची खोली बऱ्याचदा परवानगीशिवाय चालते, उंची आणि वापर बघावा लागतो. आधी काउन्सिलच्या एन्फोर्समेंटला विचारा.

हरित_कोकण
मला एक कळत नाही. ज्या माणसाने बिल्डरसाठी तुमची यादी फोडली, त्याच्यासारखं व्हायचंय? त्यापेक्षा परत या. एनजीटीचं (राष्ट्रीय हरित लवादाचं) पश्चिम विभागाचं खंडपीठ पुण्यातच आहे. इथे नदीपात्रात भराव पडतायत, खाडीत खारफुटी तुटतेय आणि नकाशा वाचता येणारे वकील हाताच्या बोटांवर मोजण्याइतके. तुमच्यासारखी नियोजनकार वकील झाली तर आम्हाला सोनं आहे.

वकीलकाका_नागपूर
हरित यांच्याशी सहमत. आपला एमआरटीपी ॲक्ट (महाराष्ट्राचा नगररचना कायदा) १९६६ चा, पण ही कल्पनाच इंग्रजांकडून आलेली. मुंबई इलाख्याचा टाउन प्लॅनिंग ॲक्ट तर १९१५ चा. आणि ताई, इन (बॅरिस्टरांची संस्था) कोणती? बाबासाहेब ग्रेज इनचे. त्या दारातून आत जायचं म्हणजे साधी गोष्ट नाही.

निळी_छत्री
ग्रेज इनच. त्याच कारणाने निवडली. परत येण्याबद्दल मनात खूप आहे, पण मुलगी इथे सातवीत आहे. आत्ता ते नको. माझा प्रश्न अर्जाचा आहे.

टेम्सकाठ
आता माहिती आहे तर नीट लिहितो.

हरित_कोकण, इथे कॅब-रँक नियम आहे. आपल्या क्षेत्रातलं काम आलं, वेळ आणि फी जमत असेल, तर अशील पसंत नाही म्हणून नाकारता येत नाही. एका महिन्यात मी बिल्डरसाठी, पुढच्या महिन्यात काउन्सिलसाठी आणि त्यानंतर गावकऱ्यांसाठी उभा राहतो. सरे कौंटीतल्या हॉर्स हिलच्या तेलविहिरीचं फिंच प्रकरण बघा. जाळल्या जाणाऱ्या तेलाचं प्रदूषणही परवानगी देताना मोजा, एवढीच मागणी. हायकोर्टात होलगेट यांच्यापुढे हरलं, अपील कोर्टात लिंडब्लोम यांच्या बेंचपुढे हरलं, आणि जून २०२४ मध्ये सुप्रीम कोर्टात ३ विरुद्ध २ ने जिंकलं. होलगेट आणि लिंडब्लोम दोघेही मुळात प्लॅनिंगचे सिल्क, म्हणजे केसींच्या दर्जाचे वकील, न्यायाधीश नंतर झालेले. कार्नवाथही प्लॅनिंगमधूनच सुप्रीम कोर्टापर्यंत गेले. आमच्याकडे सीनियर व्हायचं म्हणजे साधारण ही वाट.

निळी_छत्री, ती वाट तुमच्या दृष्टीने सांगतो. प्युपिलेजचे पहिले सहा महिने दुसऱ्याच्या मागे बसायचं, पुढचे सहा स्वतः उभं राहायचं. मग चेंबर्सने (बॅरिस्टरांच्या सामायिक ऑफिसने) घेतलं तर टेनन्सी, म्हणजे तिथली कायमची जागा. त्यानंतर ॲटर्नी जनरलच्या पॅनेलवर सी या खालच्या पायरीपासून सुरुवात, म्हणजे सरकारच्या वतीने मंत्र्यांचे निर्णय प्लॅनिंग कोर्टात टिकवायचे. तिथे लेखन घासून निघतं. सिल्कचा अर्ज भरायला साधारण पंधरा-वीस वर्षं लागतात. त्यात आपण लढवलेल्या प्रकरणांतले न्यायाधीश आणि विरुद्ध बाजूचे वकील तुमच्याबद्दल मत देतात. म्हणजे ज्यांना हरवलं आणि ज्यांच्याकडून हरलात ते. तुम्हाला केसी व्हायचं असेल तर वय पन्नाशीचं धरा. मला त्यात काही वाईट दिसत नाही.

आता मुद्दा. हीथ्रोच्या टर्मिनल ५ ची इन्क्वायरी १९९५ ते १९९९ चालली. त्या पिढीला वर्षानुवर्षं साक्षीदार मिळाले. आता मोठे प्रकल्प २००८ च्या प्लॅनिंग कायद्याखाली जातात, तिथे बहुतेक सगळं लेखी, सहा महिन्यांत. उभं राहून उलटतपासणी करायची संधी तरुणांना कमी मिळते. आमच्या मुलाखतीला येणाऱ्या मुलांनी इन्क्वायरी फार तर मागच्या खुर्चीत बसून बघितलेली असते. साक्षीदाराच्या खुर्चीतून बघितलेलं कोणी येत नाही. ती वही हाच तुमचा अर्ज आहे. पर्यावरणाची ओढ सगळेच लिहितात. मी चाळीस अर्ज वाचले की तीस तिथून सुरू होतात.

माधुरी_मँचेस्टर
हे मात्र मान्य. वहीचं लिहा. पण दुसरा पर्याय म्हणून एसक्यूईची तारीख बघून ठेवा. मुलगी आहे म्हणताय म्हणून सांगते. स्वतंत्र धंद्यात पहिली वर्षं पैसे उशिरा येतात आणि चेंबर्सचा वाटा द्यायचाच असतो.

निळी_छत्री
तारीख बघते माधुरीताई, रागावले नव्हते. आत्ता बसून लिहिलं. इंग्रजीत आहे, इथे अर्थ सांगते: 'दोन वर्षांपूर्वी एका इन्क्वायरीत मी साक्षीदार होते आणि माझ्या यादीतल्या चार जागा उलटतपासणीत टिकल्या नाहीत. तो अनुभव खूप वेदनादायक होता पण त्यातून मी अधिक कणखर झाले. त्या रात्री मला विचारलेले प्रश्न मी क्रमाने लिहून काढले आणि पुढच्या वर्षीची यादी त्या प्रश्नांना धरून केली. पुढच्या अपिलात तिच्यातली एकही जागा गेली नाही.'

टेम्सकाठ
पुढच्या अपिलाचं इतका वेळ का नाही सांगितलंत? दुसरं वाक्य काढून टाका. बाकी तसंच ठेवा. त्या चारपैकी एका जागेत नेमकं काय चुकलं ते दोन ओळींत घाला. मुलाखतीत तेच विचारतील.

निळी_छत्री
काढलं. जागा क्रमांक दोन घेते. जमीनमालक वारला होता आणि आम्हाला माहीत नव्हतं.

स्लाउकर
धन्यवाद. खोली २०२१ च्या उन्हाळ्यात पूर्ण झाली. पण आता तिथे भाडेकरू राहतोय, त्याने फरक पडतो का?