मदत हवी आहे : गोल्फमध्ये अवघड होलवर ‘पार’ (होलसाठी ठरलेले फटके) विसरून ‘बोगी’साठीच (पारपेक्षा एक फटका जास्त) खेळावं का?

माझा हँडिकॅप १८ आहे, म्हणजे १८ होलच्या राउंडमध्ये मला साधारण १८ फटक्यांची सवलत मिळते. बाकीचा राउंड बरा जातो, पण एका होलवर दर वेळी ७ किंवा ८ लागतात आणि पुढचे दोन-तीन होलही त्याच अस्वस्थतेत बिघडतात.

होल पार ४, ४१५ यार्ड, स्ट्रोक इंडेक्स १ (अवघडपणाच्या क्रमात पहिला). डावीकडे आउट ऑफ बाउंड्स (कोर्सच्या हद्दीबाहेरची जागा), आणि ग्रीनच्या (खळग्याभोवतीच्या बारीक गवताच्या) पुढ्यात उजवीकडे पाणी. माझा ड्रायव्हर (सर्वांत लांब फटक्याची काठी) चांगला बसला तर २१५ यार्ड जातो. म्हणजे उत्तम ड्राइव्हनंतरही २०० यार्ड उरतात, तेही पाण्यावरून. खरं सांगायचं तर तो फटका मला दहातून एकदा जमतो.

माझ्या हँडिकॅपला इथे एक स्ट्रोक (फटका) सवलतीचा मिळतोच, त्यामुळे ५ म्हणजे माझ्यासाठी नेट पार (सवलत वजा करून पार). म्हणून विचार असा : टीवरून (होलच्या सुरुवातीच्या जागेवरून) ५ हायब्रिड या आखूड पल्ल्याच्या काठीने १७० यार्ड, मग ७ आयर्नने १४० यार्ड पाण्याच्या अलीकडे, आणि उरलेले साधारण १०५ यार्ड पिचिंग वेजने. वेजवर माझा भरवसा आहे. ड्रायव्हर बाहेर गेला की मात्र स्ट्रोक अँड डिस्टन्स (एक फटका दंड आणि पुन्हा त्याच जागेवरून), म्हणजे टीवरूनच तिसरा फटका.

अडचण एवढीच की हायब्रिड हातात घेतला की मी जपून, अर्धवट स्विंग करतो आणि चेंडू उजवीकडे फेकला जातो. जपून खेळायचं ठरवूनही स्विंग मोकळा कसा ठेवता? आणि सोबतचे सगळे ड्रायव्हर काढत असताना तुम्ही स्वतःच्या बेतावर कसे टिकता? ज्यांनी असा होल आपलासा केलाय, त्यांनी कृपया सविस्तर सांगा.