मदत हवी आहे : तालमीतील वस्तादांचा फोटो, फ्लॅश आणि अंतर

नमस्कार. मंगळवार पेठेतील आमच्या तालमीच्या वस्तादांचे, फेटा बांधून आणि मांडीवर गदा घेऊन बसलेले, एक चांगले छायाचित्र मला काढायचे आहे; दोन रविवार त्यात गेले, पण मनासारखे एकही साधलेले नाही.

पहिल्या खेपेस १८-५५ मिमीची झूम लेन्स २४ मिमीवर (म्हणजे रुंद कोनावर) ठेवून तीन फुटांवरून फोटो घेतले, तेव्हा नाक भलतेच मोठे आणि कान मागे गेलेले दिसले. (वस्तादांनी पाहून "ह्यो कोन म्हनायचा?" एवढेच विचारले.) सात फुटांपर्यंत मागे सरून ५० मिमीवर घेतल्यावर चेहरा जागेवर आला, आता अडचण उरली आहे ती उजेडाची. कॅमेऱ्यावरचा फ्लॅश थेट मारला की तेल लावलेले कपाळ चकाकते आणि मागच्या भिंतीवर फेट्याची काळी सावली उमटते. उजेड छतावरून परतवावा, तर छत काळवंडलेल्या लाकडी तुळयांचे आहे.

म्हणून फ्लॅश ट्रिगरने (दुरून फ्लॅश उडवणाऱ्या साधनाने) कॅमेऱ्यापासून वेगळा करून पांढऱ्या छत्रीतून देत आहे. छत्री तीन फुटांवर असता चेहरा मऊ उजळतो, पण गदेवरचे हात अंधारात जातात. सहा फुटांवर नेल्यास उजेड सारखा पसरतो, मात्र चौथाईवर येतो आणि सावल्या कडक होतात. अशा वेळी छत्री जवळच ठेवून उजेड हातांवर परतवायला खालून पांढरा थर्माकोल धरावा, की दुसरा फ्लॅश लावावा? आणि वस्तादांना भिंतीपासून किती फूट पुढे बसवावे? खोली जेमतेम बारा फुटांची आहे.