विंडोजचं फाइल एक्सप्लोरर काउंटरच्या कामासाठी कसं सेट करावं? गिऱ्हाईकाचे कागद दुसऱ्याला दिसायला नको

महालचा_झेरॉक्सवाला

राम राम मंडळी. नागपूरच्या महालात आपलं ऑनलाइन फॉर्म अन् झेरॉक्सचं दुकान आहे, दोन कॉम्प्युटर, एकावर विंडोज १० अन् दुसऱ्यावर ११. उत्पन्नाचा दाखला, डोमिसाईल, नॉन क्रिमीलेयर, सातबारा, स्कॉलरशिप असली सगळी कामं, अन् ॲडमिशनच्या दिवसांत तर पोरापोरींची रांगच लागते. गिऱ्हाईक उभ्या उभ्या व्हॉट्सॲपवर कागदं टाकते, कोणी पेनड्राइव्ह देते, आपण स्कॅन करतो ते वेगळंच, अन् हे सगळं जाऊन पडते डाउनलोड्समधे.

अडचण अशी की एक्सप्लोरर उघडलं का समोरच सकाळपासून उघडलेल्या फाइलींची यादी येते, त्यात कोणाचं आधार, कोणाचं पॅन, कोणाचे कोर्टाचे कागद. अन् आपली स्क्रीन काउंटरकडे अर्धी वळवलेली असते कारण नावाचं स्पेलिंग गिऱ्हाईकाला दाखवूनच पुढे जावं लागते. परवा एका ताईंनी विचारलंच, भाऊ माझे कागद पण असेच दुसऱ्याला दिसत असतील ना? त्यांचं म्हणणं एकदम बरोबर आहे, अन् तेव्हापासून हे डोक्यातून जाऊन नाही राह्यलं.

दुसरं म्हणजे डाउनलोड्स फोल्डर उघडायला लय वेळ घेते, हिरवी पट्टी वर सरकत राहते, अन् फाइली टुडे, यस्टरडे, लास्ट वीक अशा गठ्ठ्यांत दिसतात. तिसरं, माउसने क्लिक क्लिक करून हात दुखते, कीबोर्डवरून काय काय जमते ते सांगा. बाहेरचं सॉफ्टवेअर शक्यतो नको, विंडोजमधेच जे आहे त्याच्यात बसवायचं आहे.

मिहान_नाइटशिफ्ट

भाऊ, पहिले रीसेंटचं, म्हणजे त्या उघडलेल्या फाइलींच्या यादीचं करा, बाकी आरामात होते.

विंडोज ११ मधे एक्सप्लोररच्या वरच्या पट्टीवर तीन टिंबं आहेत, तिथे ऑप्शन्स. १० मधे व्ह्यू टॅबमधे उजवीकडे ऑप्शन्स. जनरल टॅबमधे सगळ्यात वर "ओपन फाइल एक्सप्लोरर टू" लिहिलेलं असते, तिथे धिस पीसी निवडा. त्याच खिडकीत खाली प्रायव्हसी आहे, तिथली रीसेंट फाइल्सची अन् फ्रीक्वेंट फोल्डर्सची टिक काढा, ११ वर त्याच्याच खाली अजून एखादी टिक दिसली तर तीही काढा, मग क्लिअर दाबा. क्लिअर नक्की दाबा, म्हणजे मागचा सगळा इतिहास साफ. याने कोणाची फाइल डिलीट होत नाही, फक्त यादी जाते.

पण एवढ्यावर थांबू नका. खाली टास्कबारवरच्या आयकॉनवर राइट क्लिक केलं का तिथेही अलीकडच्या फाइली लटकलेल्या असतात. त्यासाठी सेटिंग्जमधे पर्सनलायझेशन, मग स्टार्ट, तिथे "शो रीसेंटली ओपन्ड आयटम्स" वालं बटन ऑफ करा, दोन्ही विंडोजमधे आहे, फक्त ११ वर त्याचे शब्द थोडे वेगळे असू शकतात. अन् वर्ड, पीडीएफ रीडर यांच्या स्वतःच्या याद्या वेगळ्या असतात, त्या त्यांच्या त्यांच्या सेटिंगमधून काढाव्या लागतात, विंडोज त्याला हात लावत नाही.

आता डाउनलोड्स स्लो काऊन होते ते सांगतो. विंडोज प्रत्येक फोल्डरला आतल्या मालावरून एक प्रकार देते, जनरल, डॉक्युमेंट्स, पिक्चर्स, म्युझिक, व्हिडिओज. तुमच्याकडे आधारचे फोटो अन् पासपोर्ट फोटो ढीगभर, म्हणून ते पिक्चर्स समजून बसलं असंल, अन् मग प्रत्येक फाइलचं थंबनेल म्हणजे छोटं चित्र बनवत, फोटोची माहिती वाचत बसते. डाउनलोड्सवर राइट क्लिक, प्रॉपर्टीज, कस्टमाइझ टॅब, तिथे "ऑप्टिमाइझ धिस फोल्डर फॉर" मधे जनरल आयटम्स करा अन् खालची सबफोल्डरवाली टिकही लावा. बहुतेक वेळा फरक लगेच दिसते.

गठ्ठे घालवायचे तर फोल्डरमधे रिकाम्या जागी राइट क्लिक, ग्रुप बाय, नन. मग सॉर्ट बाय डेट मॉडिफाइड, नवीन वर. व्ह्यू डिटेल्स ठेवा, कंट्रोल शिफ्ट ६ दाबलं का डिटेल्स येते. मनासारखं लागलं का परत ऑप्शन्स, व्ह्यू टॅब, अप्लाय टू फोल्डर्स. हे फक्त त्याच प्रकारच्या फोल्डरला लागू होते बरं का, जनरलला लावलं तर पिक्चर्सवाल्याला नाही लागत, इथेच बरेच जण म्हणतात की सेटिंग टिकत नाही.

त्याच व्ह्यू टॅबमधे "ऑलवेज शो आयकॉन्स, नेव्हर थंबनेल्स" आहे, ती टिक लावा. फोल्डर उघडलं तरी कोणाचा चेहरा, कोणाचं आधार चित्रात दिसणार नाही, फक्त आयकॉन अन् नाव. तुमच्या त्या ताईंच्या प्रश्नाला हे सगळ्यात जवळचं उत्तर आहे.

रामदासपेठ_अकाउंट्स

मी एका ऑफिसमधे अकाउंट्स पाहते, आमच्याकडे पण दिवसभर लोकांची कागदंच. वरच्या सगळ्याला हो, पण थंबनेलचं मी थोडं वेगळं करते. व्ह्यू डिटेल्सचाच ठेवायचा अन् प्रीव्ह्यू पेन वापरायचा, ऑल्ट पी दाबलं का उजवीकडे फाइल उघडते, परत ऑल्ट पी दाबलं का बंद. स्क्रीन आपल्याकडे असताना पाहून घ्यायचं अन् गिऱ्हाईक वाकलं का बंद करायचं, एका बोटाचं काम आहे. फाइल उघडायची, चुकीची निघाली, बंद करायची, हा जो वेळ जातो ना तो सगळा वाचतो.

यात एक गोष्ट माहीत असू द्या. ऑक्टोबर २०२५ च्या अपडेटपासून इंटरनेटवरून उतरवलेल्या फाइलींचा प्रीव्ह्यू विंडोज दाखवत नाही, ही फाइल कॉम्प्युटरला धोक्याची असू शकते असा मेसेज येतो. बिघडलं काही नाही, मायक्रोसॉफ्टने मुद्दाम बंद केलंय, नुसत्या प्रीव्ह्यूमधून पासवर्डची माहिती बाहेर जाऊ शकत होती म्हणून. खात्रीची फाइल असेल तर राइट क्लिक, प्रॉपर्टीज, खाली अनब्लॉकची टिक. स्कॅनरवरून आलेल्या फाइलींना ही अडचण येत नाही.

अन् दादा, एक्स्टेन्शन दिसायला लावा, जेपीजी, पीडीएफ वगैरे. ११ मधे व्ह्यू, मग शो, मग फाइल नेम एक्स्टेन्शन्स. १० मधे व्ह्यू टॅबमधेच टिक आहे. याची दोन कारणं. पोर्टल जेपीजी मागते अन् आयफोनवाली मुलं एचईआयसी, म्हणजे आयफोनचा फोटोचा प्रकार पाठवतात, नावातच दिसलं तर अपलोडच्या आधीच कळते. दुसरं कारण जास्त महत्त्वाचं, पेनड्राइव्हवरची फाइल नावाला फोटो.जेपीजी दिसते पण खरी शेपटी ईएक्सई असते, एक्स्टेन्शन लपवलेलं असलं तर ते दिसतच नाही अन् माणूस डबल क्लिक करतो. तुमच्याकडे दिवसभर परके पेनड्राइव्ह लागतात म्हणून सांगून राह्यले.

वऱ्हाडी_कीबोर्ड

शॉर्टकटचं माझ्याकडे द्या.

विंडोज ई ने एक्सप्लोरर उघडते. नवीन फोल्डर कंट्रोल शिफ्ट एन. नाव बदलायला एफ २, अन् याच्यात खरी मजा अशी की नाव टाइप केलं, एंटर नाही दाबायचं, टॅब दाबायचं, सरळ खालच्या फाइलचं नाव बदलायला उघडते. व्हॉट्सॲपच्या त्या लांबलचक आकड्यांच्या नावाच्या दहा फाइली असू द्या, टाइप टॅब टाइप टॅब, माउसला हातच नाही लावायचा. एक्स्टेन्शन चालू असलं तरी एफ २ फक्त नावच सिलेक्ट करते, शेपटीला धक्का लागत नाही, बिनधास्त करा. एकाच माणसाची पाच पानं असतील तर पाचही सिलेक्ट करून एफ २, एकदाच नाव लिहा, विंडोज स्वतःच कंसात १, २, ३ लावून देते.

एक फोल्डर वर जायला ऑल्ट अन् वरचा बाण. ॲड्रेस पट्टीत जायला ऑल्ट डी. फाइलचा साइज वगैरे पाहायला ऑल्ट एंटर. पाथ म्हणजे फाइलचा पूर्ण पत्ता कॉपी करायचा तर ११ मधे कंट्रोल शिफ्ट सी, १० मधे शिफ्ट दाबून राइट क्लिक, कॉपी ॲज पाथ. ११ मधे टॅबही आहेत, २०२२ च्या अपडेटपासून, कंट्रोल टी ने नवा टॅब अन् फोल्डरवर माउसचं मधलं चाक दाबलं का तो नव्या टॅबमधे. ११ चा छोटा राइट क्लिक मेन्यू आवडत नसंल तर शिफ्ट दाबून राइट क्लिक करा, जुना पूर्ण मेन्यू सरळ येते, त्यासाठी रजिस्ट्रीत, म्हणजे विंडोजच्या आतल्या सेटिंगमधे काही उलटसुलट करत बसू नका.

अन् पोर्टलवर अपलोड करताना जी खिडकी उघडते ना, तीसुद्धा छोटं एक्सप्लोररच आहे. तिथेही एफ २ चालते, नवीन फोल्डर होते, डाव्या बाजूला पिन केलेले फोल्डर दिसतात. आजच्या कामाचा फोल्डर क्विक ॲक्सेसला पिन करून ठेवा, मग अपलोडला शोधाशोध नाही. पोर्टलवाले केबीची मर्यादा घालतात म्हणून डिटेल्समधे साइजचा कॉलम ठेवाच, अन् कॉलमच्या नावांच्या ओळीवर राइट क्लिक केलं का डायमेन्शन्सचाही घेता येते, फोटो किती पिक्सेलचा ते समोर दिसते.

महालचा_झेरॉक्सवाला

वा भाऊ, एफ २ नंतर टॅबचं हे खरंच माहीत नव्हतं, आत्ता करून पाहिलं, काय भारी आहे. थंबनेल बंद केले, रीसेंट साफ केलं, डाउनलोड्स जनरल केलं तर फटकन उघडून राह्यलं. १० वाल्यावर पण तसंच झालं.

आता नावाचं सांगा. मी सातबाऱ्याच्या फाइलला ७/१२ असं नाव द्यायला जातो तर विंडोज घेतच नाही. अन् नावं मराठीत ठेवावी का इंग्रजीत? पोरगा कामाला आहे तो कधी मराठीत लिहिते कधी इंग्रजीत, मग सापडत नाही.

रामदासपेठ_अकाउंट्स

तिरकी रेघ विंडोज नावात घेत नाही कारण ती पाथसाठी राखलेली खूण आहे. तसंच कोलन, स्टार, प्रश्नचिन्ह, डबल अवतरण, उभी रेघ अन् लहान मोठंची चिन्हं. म्हणून तारीखसुद्धा १५/०६ अशी लिहिता येत नाही. सातबारा असं अक्षरात लिहा, किंवा मधे आडवी रेघ.

नावासाठी आमच्या ऑफिसात एकच नियम आहे अन् तो सगळ्यांनी पाळायचा. पहिले वर्ष, मग महिना, मग दिवस, मग आडनाव नाव, मग कागद कोणता ते. वर्ष आधी लिहिलं का नावाने लावलेली यादी आपोआप तारखेनेही लागते, दिवस आधी लिहिला तर सगळ्या महिन्यांच्या १ तारखा एकत्र येऊन बसतात. महिना नेहमी दोन आकडी, जूनसाठी ०६.

भाषेचं म्हणाल तर मला मराठी आवडते अन् विंडोजला युनिकोड मराठी नाव व्यवस्थित चालते, पण काही पोर्टलवर देवनागरी नावाची फाइल अपलोडला अडते, अन् आडनाव एकाने ऱ्हस्व लिहिलं दुसऱ्याने दीर्घ, की शोधात येत नाही. म्हणून फोल्डरचं नाव मराठीत, आतल्या अपलोडच्या फाइली इंग्रजीत, असं करा. भाषा बदलायला विंडोज स्पेस. अन् तुमच्याकडे लग्नपत्रिका वगैरेच्या जुन्या डीटीपीच्या फाइली कृतिदेवसारख्या फॉन्टमधे असतील तर त्यातला मजकूर मराठीत टाइप करून सर्चमधे सापडणारच नाही, कारण त्या फाइलीत आत इंग्रजी कळांचेच कोड असतात, फॉन्ट फक्त वरून मराठी दाखवते. त्यांची नावं तरी नीट द्या.

मिंटवाला_पोट्टा

मी असतो तर १० वाल्या मशीनवर विंडोजच्या जागी लिनक्स मिंट ही फुकटची सिस्टिम टाकली असती. विंडोज १० चा सपोर्ट १४ ऑक्टोबर २०२५ ला संपला, अन् तुमच्या मशीनला रोज अनोळखी पेनड्राइव्ह लागून राह्यले. मिंटच्या निमो फाइल मॅनेजरमधे एफ ३ दाबलं का एकाच खिडकीत दोन फोल्डर आजूबाजूला येतात, इकडून तिकडे फाइली टाकत राहा. विंडोजमधे हे अजूनही नाही, दोन खिडक्या उघडून विंडोज अन् डावा बाण, विंडोज अन् उजवा बाण असं चिकटवावं लागते.

मिहान_नाइटशिफ्ट

सपोर्टचं बरोबर बोलला तू, पण दुकानात स्कॅनर, अंगठ्याचं मशीन, सहीचं डोंगल असते, प्रत्येकाचा लिनक्स ड्रायव्हर मिळेल का ते आधी पाहावं लागते, गर्दीच्या दिवसांत हा प्रयोग नको. भाऊ, १० वर मायक्रोसॉफ्टचे वाढीव सिक्युरिटी अपडेट १३ ऑक्टोबर २०२६ पर्यंत मिळतात, ते सेटिंग्जच्या अपडेटमधे जाऊन चालू करून घ्या, तोवर मशीन ११ ला चालते का ते तपासा.

अन् राहिलेलं सगळ्यात मोठं काम, फाइली ठेवायच्या किती दिवस. यादी लपवली तरी कागद तर डिस्कवरच आहेत. सेटिंग्ज, सिस्टिम, स्टोरेज, स्टोरेज सेन्स, तिथे डाउनलोड्समधल्या न उघडलेल्या फाइली १, १४, ३० किंवा ६० दिवसांनी आपोआप काढायची सोय आहे. मी म्हणतो १४ ठेवा. चालू असलेली कामं डाउनलोड्सच्या बाहेर, डी ड्राइव्हवर तारखेच्या फोल्डरमधे ठेवा, म्हणजे त्याला हात लागणार नाही, अन् काम संपलं, पावती दिली, का तो फोल्डर शिफ्ट डिलीट. नुसतं डिलीट केलं तर रीसायकल बिनमधे पडून राहते.

महालचा_झेरॉक्सवाला

हाव, हे करतोच. पोराला पण लिहून देतो अन् काउंटरवर बोर्ड लावतो की काम झाल्यावर तुमचे कागद आम्ही काढून टाकतो, पुन्हा लागले तर पुन्हा आणा. लोकांनी विश्वासाने दिलेले कागद आहेत.

एक शेवटचं, आजच्या कामाचा फोल्डर एका बटनावर उघडता येईल का? कंट्रोल ऑल्ट टी असं काही लावता येते म्हणे, मी फोल्डरच्या प्रॉपर्टीजमधे शोधलं तर तिथे नाही.

वऱ्हाडी_कीबोर्ड

फोल्डरच्या नाही, शॉर्टकटच्या प्रॉपर्टीजमधे. फोल्डरवर राइट क्लिक, सेंड टू, डेस्कटॉप. मग डेस्कटॉपवरच्या त्या शॉर्टकटची प्रॉपर्टीज उघडा, शॉर्टकट की लिहिलेल्या चौकटीत नुसतं टी दाबा, कंट्रोल ऑल्ट ते स्वतः लावते. फक्त तो शॉर्टकट डेस्कटॉपवरून हलवू नका, दुसऱ्या फोल्डरमधे टाकला तर की चालत नाही. अन् रोज नवीन तारखेचा फोल्डर करणार असाल तर की वरच्या मोठ्या फोल्डरला लावा अन् आत डेट मॉडिफाइडने नवीन वर ठेवा, म्हणजे शॉर्टकट रोज बदलावा लागत नाही.